डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून एक भव्य वास्तू उभी आहे. जुन्या मुंबईचे नकाशे, नाना धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या प्रतिमा आणि कुशल कारागिरांच्या वस्तू यांनी तिची दालने भरलेली आहेत. बाहेरच्या अंगणात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. मुंबईतील या सर्वांत जुन्या वस्तुसंग्रहालयाला २०२२ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. परंतु ते नाव त्याला मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

भाऊंचा जन्म गोमंतकातील एका गरीब कुटुंबात झाला. बालपणीच ते वडिलांबरोबर मुंबईस आले. बुद्धिबळाच्या खेळातील त्यांचे चातुर्य एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडले आणि मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे म्हणून त्याने वडिलांचे मन वळविले. भाऊंनी त्या संधीचे सोने केले. कच्छ व काठेवाडातील बालकन्याहत्येच्या क्रूर चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघताच ते त्याच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि पुढे नामांकित डॉक्टर झाले. गोरगरिबांना ते विनामूल्य औषध देत. कुष्ठरोगावर देशी वनस्पतींतून उपाय शोधण्यासाठी त्यांनी पुष्कळ परिश्रम केले. मुलींच्या शिक्षणाचाही त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला.

रोग्यांच्या सेवेतून उरलेला वेळ भाऊ इतिहासाला देत. जुनी नाणी, हस्तलिखिते व ताम्रपट मिळविण्यासाठी ते मुक्तहस्ताने खर्च करीत. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचा त्यांनी अभ्यास केला. जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुण संशोधकास त्यांनी आश्रय दिला आणि देशोदेशीचे लेख उतरवून आणण्यास पाठविले. पूर्वजांचे हे धन दुर्लक्षाने नष्ट होऊ नये, हीच त्यांची तळमळ होती.

या तळमळीची कसोटी लवकरच लागली. मुंबईत वस्तूंचा एक सार्वजनिक संग्रह कोटातील बराकीत ठेवलेला होता. १८५७ च्या उठावाच्या वेळी सैन्यासाठी ती जागा हवी झाली. संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला आणि त्यातील बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. तेव्हा नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ यांनी पुढाकार घेतला. संग्रहासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याचे ठरले. लोकांकडून वर्गणी जमविण्यात आली आणि १८६२ साली पायाभरणी झाली.

परंतु १८६५ साली शेअरबाजार कोसळला आणि मुंबईतील कित्येक धनिक धुळीस मिळाले. भाऊंचीही आयुष्याची कमाई त्यात बुडाली. त्याच वर्षी नाना शंकरशेट निवर्तले. वर्गणीचा ओघ आटला आणि अखेर सरकारने बांधकाम हाती घेऊन ते पुरे केले. १८७२ साली संग्रहालयाची दारे लोकांसाठी उघडली. त्याला व्हिक्टोरिया राणी व तिचा पती अल्बर्ट यांचे नाव देण्यात आले. दोनच वर्षांनी, १८७४ च्या मे महिन्यात, भाऊंचे निधन झाले.

१९७५ साली या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. काळाच्या ओघात जीर्ण झालेल्या वास्तूचा पुढे काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला आणि २००८ साली ती पुन्हा खुली झाली.

भाऊंनी मिळविलेले द्रव्य एका वादळात नाहीसे झाले. मात्र ज्या ठेव्यासाठी ते झटले, तो आजही मुंबईच्या मुलांना आपल्या शहराची कहाणी सांगत आहे.