नदीकाठचे वय मोजणारे सांकळिया

एखाद्या मुलाचे वय ठरवण्यासाठी पोलीस त्याला सरकारी रुग्णालयात आणतात, तेव्हा जन्मदाखला नसतो. आम्ही दात पाहतो, मनगट-कोपराचे एक्स-रे काढतो आणि अमुक ते अमुक वर्षे असा अंदाज लिहून देतो. नदीकाठच्या गाळालाही जन्मदाखला नसतो. त्याची वाचणी करण्यात हयात घालवली डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतल्या गुजराती वकील घराण्यातला. बाळ इतके अशक्त होते, की ते जगेल असे कुणाला वाटले नव्हते. ते ऐंशी वर्षे जगले. लंडनहून डॉक्टरेट घेऊन १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि तिथलेच झाले.

महाराष्ट्रात अश्मयुगाचे पुरावे तेव्हा तुरळकच होते. आपल्या काळ्या खडकात चुनखडीसारख्या नैसर्गिक गुहा होत नाहीत. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने कोरलेली. म्हणून आदिमानव शोधायचा तो नद्यांच्या गाळात. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीकाठी आणि नेवाशाला प्रवरेकाठी सांकळियांनी तो शोधला. नेवाशाला खालच्या गोट्यांच्या थरात दगडी हातकुऱ्हाडी, वरच्या थरात छिलक्यांची लहान हत्यारे. आधी कोण, नंतर कोण, हे थरांनी सांगितले. पण नेमके किती वर्षांपूर्वी?

तिथे अडचण येते. कार्बन-१४ ची पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालते. नेवाशाच्या ताम्रपाषाण वस्तीला ती पुरली. तिचे वय तीन हजार वर्षांहून अधिक. त्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. लस आणि सलाइन नसलेल्या काळातले ते बालमृत्यू डॉक्टरला अस्वस्थ करतात.

लाखो वर्षांसाठी दुसरी घड्याळे लागतात. पुणे जिल्ह्यात बोरीला, कुकडीकाठी हत्यारांच्या थरात ज्वालामुखीची राख मिळाली. एका मापनात तिचे वय १४ लाख वर्षे निघाले, दुसऱ्यात ६ लाख ७० हजार, तर काहींच्या मते ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांची. राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले, तर वय फुगते. नमुना दूषित असेल तर रक्ताचा अहवालही चुकतो, तसेच हे.

सांकळियांना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले; २८ जानेवारी १९८९ रोजी ते गेले. त्यांचा धडा सोपा आहे: हत्याराइतकाच तो ज्या थरात सापडला तो थर मोलाचा.

आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिणेलाही गोदावरीच वाहते. अंबड-घनसावंगीच्या काठावर वाळू उपसताना यंत्र थरही उपसते, आणि एकदा विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही. दोन्ही बाजूंनी छिललेला, टोकदार दगड दिसला, तर खिशात टाकू नका. जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. उचललेला दगड नुसता दगड उरतो. त्याचे वय काठावरच राहते.