मातीच्या रंगांचा चित्रकार

भारतीय चित्रकलेत स्वतःची वेगळी वाट घडवणाऱ्या कलावंतांमध्ये जामिनी रॉय यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म ११ एप्रिल १८८७ रोजी बंगालमधील बांकुरा जिल्ह्यातील बेलियातोर या खेड्यात झाला. मातीची भांडी व खेळणी घडवणारे कुंभार, दारापुढे अल्पना रेखणाऱ्या स्त्रिया आणि देवादिकांच्या कथा लांब पटांवर रंगवून त्या गाऊन दाखवणारे पटुआ यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. परंतु या कलेचे खरे मोल उमगायला त्यांना बराच काळ लागला.

वयाच्या सोळाव्या वर्षी जामिनी रॉय कोलकात्याला आले आणि तेथील सरकारी कलाशाळेत दाखल झाले. छायाप्रकाश, यथार्थदर्शन, तैलरंग ही सारी युरोपीय तंत्रे त्यांनी आत्मसात केली. शिक्षण संपल्यावर व्यक्तिचित्रकार म्हणून त्यांचा चांगला जम बसला. हुबेहूब चित्र काढून घेण्यासाठी शहरातील धनिक त्यांच्याकडे येत. मात्र मन समाधानी नव्हते. हात तरबेज झाला होता, पण त्या हातून उतरणाऱ्या चित्रात आपले असे काहीच नाही, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली.

१९२० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी हळूहळू त्या शैलीकडे पाठ फिरवली. प्रथम त्यांचे लक्ष कालीघाटच्या मंदिराजवळ यात्रेकरूंना विकल्या जाणाऱ्या पटचित्रांकडे गेले. त्या चित्रांतील एका झटक्यात ओढलेली जोमदार रेषा त्यांना मोहवून गेली. तथापि, शहरी गिऱ्हाइकाच्या आवडीचा परिणाम त्या चित्रांवर झाला आहे, असे त्यांना पुढे जाणवले. म्हणून ते खेड्यापाड्यांतील पटुआंच्या कलेकडे वळले. त्यांनी जुने पट गोळा केले आणि त्यांचा बारकाईने अभ्यास केला. या काळात हक्काची मिळकत आटली, आर्थिक ओढाताण सोसावी लागली. तरीही ते मागे फिरले नाहीत.

त्यांच्या निर्मितीची रीत अनावश्यक गोष्टी एकेक करून सोडण्याची होती. आधी छायाप्रकाश गेला, मग चित्रातील खोली गेली. काही काळ तर रंगही दूर झाले. करड्या पृष्ठभागावर काजळीच्या काळ्या रेषेने ते माता व बालक, बाऊल, संथाळ स्त्रिया यांची चित्रे काढत. तीच आकृती ते पुन्हा पुन्हा रेखाटत आणि प्रत्येक वेळी तीत एखादी रेषा कमी करता येते का, हे पाहत. रेषा पुरेशी बोलकी झाल्यावरच रंग परतले, तेही मोजके, सपाट आणि ठळक.

साहित्याच्या बाबतीतही त्यांनी परावलंबन नाकारले. विलायती रंगांऐवजी दगडांची पूड, नदीकाठची माती, नीळ, खडू आणि काजळी यांपासून त्यांनी रंग सिद्ध केले. ते पृष्ठभागाला धरून राहावेत म्हणून चिंचोक्यांची खळ वापरली. महागड्या कॅनव्हासची जागा साधे कापड, लाकडी फळ्या आणि विणलेल्या चटया यांनी घेतली.

चित्र सामान्य माणसाच्याही घरी असावे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी किमती कमी ठेवल्या आणि एकाच चित्राच्या अनेक प्रती केल्या. गावच्या कारागिराप्रमाणे या कामात कुटुंबीयांचाही हातभार असे. त्यामुळे चित्रांची अपूर्वता हरवते, अशी टीका झाली. परंतु कुंभाराचा प्रत्येक घडा जसा नव्याने घडतो, तशीच प्रत्येक प्रत त्यांच्या लेखी नवी होती. आपली शैली अनोळखी विषयही पेलू शकते का, हे अजमावण्यासाठी त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरही चित्रे रंगवली. कृष्ण आणि गोपींप्रमाणेच तो ख्रिस्तही बंगालच्या मातीतला वाटतो.

पुढे त्यांची चित्रे लंडन आणि न्यूयॉर्क येथेही प्रदर्शित झाली. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. २४ एप्रिल १९७२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांना आज राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा आहे. कलाशाळेत त्यांनी पुष्कळ मिळवले आणि त्यातले बरेचसे जाणीवपूर्वक सोडून दिले. त्यानंतर जे उरले, ते बेलियातोरच्या अंगणात त्यांनी लहानपणीच पाहिलेले होते.