वैमानिकाला पारखणारा डॉक्टर

विमानात बसलो, की मला डॉ. लुई बाऊर हमखास आठवतात. १८८८ साली बॉस्टनला जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले बाऊर अमेरिकेच्या लष्करात डॉक्टर झाले. धडधाकट दिसणारा तरुणही विरळ हवेत गांगरतो; म्हणून डोळे, कान, तोल, हृदय कसे तपासावे, हे त्यांनी लष्करी शाळेत डॉक्टरांना शिकवले. १९२६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी ते नागरी विमान खात्याचे पहिले वैद्यकीय संचालक झाले. १९२७ मध्ये त्यांनी देशभरातून ५७ खासगी डॉक्टर या तपासणीसाठी निवडले. काम मोठे अवघड! नकार दिला तर वैमानिकाची भाकरी जाते, होकार चुकला तर प्रवाशांचे प्राण. १९६४ साली बाऊर गेले. पट्टा आवळताना मी मात्र आजही अशाच एका अनोळखी डॉक्टरच्या सहीवर विसंबतो.