सर आर्चिबाल्ड गॅरड

पुष्कळ देशांत बाळ जन्मले की त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात विकारांची तपासणी करतात. या तपासणीमागील मूळ विचार ज्यांनी मांडला, त्यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहोत.

आर्चिबाल्ड एडवर्ड गॅरड यांचा जन्म लंडन येथे २५ नोव्हेंबर १८५७ रोजी झाला. वडील नामांकित डॉक्टर होते. ऑक्सफर्ड येथे पदवी घेऊन आर्चिबाल्ड लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यक शिकले. पुढे तेथे आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी सेवा केली.

तेथे त्यांचे लक्ष अल्कॅप्टोन्यूरिया या दुर्मिळ विकाराकडे गेले. अशा मुलाची लघवी हवेत राहिली की काळी पडते व लंगोटावर डाग उठतात; मोठेपणी सांधे धरतात. आतड्यांत जंतू शिरल्याने असे होते, अशी तेव्हा समजूत होती. गॅरड यांच्या पाहण्यातील एका कुटुंबात अशी दोन मुले होती. १९०१ साली त्याच आईला आणखी एक मूल झाले. गॅरड यांच्या सांगण्यावरून परिचारिकांनी त्याच्या लंगोटांवर लक्ष ठेवले. जन्मानंतर ५२ तासांनी डाग स्पष्ट दिसला. विकार बाहेरून आलेला नसून जन्माबरोबरच आलेला होता. चौकशीअंती कळले की, त्या मुलांचे आईबाप मावसभावंडे होते.

मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले होते. केंब्रिजचे विल्यम बेटसन यांनी त्यांच्या आधारे उलगडा केला. आईकडून एक व बापाकडून एक असे दोन सदोष घटक एकत्र आले तरच हा विकार दिसतो. एकच घटक असलेली व्यक्ती निरोगी असते. आपण तो बाळगून आहोत हे तिला ठाऊकही नसते. मूल अधू जन्मले की, गरोदरपणी आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, असे बोल आपल्याकडे आजही तिला ऐकावे लागतात. गॅरड यांच्या शोधाने अशा दोषारोपाला जागाच उरत नाही.

१९०२ साली त्यांनी हे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले व १९०९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. प्रत्येक माणसाचा चेहरा जसा निराळा, तशी त्याच्या शरीराची रासायनिक घडणही निराळी, असे त्यांचे प्रतिपादन होते. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

पहिल्या महायुद्धात त्यांनी माल्टा येथे सैन्याची वैद्यकीय सेवा केली. युद्धात दोन मुलगे गेले. तिसरा १९१९ साली इन्फ्लुएन्झाने दगावला. एवढा घाव सोसूनही १९२० साली त्यांनी ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद स्वीकारले. एकच रोग एकाला का गाठतो व दुसऱ्याला का सोडतो, याचा विचार त्यांनी १९३१ सालच्या ग्रंथात केला. २८ मार्च १९३६ रोजी केंब्रिज येथे ते निवर्तले. त्यांची कन्या डोरोथी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठातील पहिली स्त्री प्राध्यापक झाली.

१९५८ साली या रुग्णांच्या यकृतात एक एन्झाइम नसते असे सिद्ध झाले; १९९६ साली त्यामागचे जनुकही सापडले. आज फेनिलकीटोन्यूरियासारखा विकार जन्मताच ओळखून, केवळ आहार सांभाळून, मुलाची बुद्धी वाचविता येते.

वर्गात एखादे मूल इतरांहून वेगळे दिसले, तर शिक्षकांनी गॅरड यांचे स्मरण करावे, अशी आमची विनंती आहे. त्यांनी दोष कोणाचा हे न विचारता, घडण कशी आहे हे पाहिले.