धनंजयराव गाडगीळ

आमच्या वर्गात सगळ्यांनी शिवाजी महाराज, टिळक आणि सावित्रीबाई यांच्यावर लिहिले. मी गाडगीळांवर लिहिणार म्हटल्यावर मुले हसली. त्यांना वाटले गाडगेबाबा! पण हे वेगळे. त्यांचे नाव मला आजोबांनी सांगितले.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. शाळा नागपूरला झाली. नंतर ते विलायतेत केंब्रिजला शिकले. परत आल्यावर सुरतेच्या कॉलेजात प्रिन्सिपॉल झाले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक. संचालक म्हणजे आपल्या शाळेत मोठे गुरुजी असतात तसे. तेव्हा ते फक्त २९ वर्षांचे होते! १९६६ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्यांनी ती संस्था चालवली.

या संस्थेचे काम मला फार आवडले. पुस्तके वाचून गप्प बसायचे नाही. लोकांकडे जाऊन विचारायचे, आकडे लिहून घ्यायचे आणि मग बेरीज करायची. वाई तालुक्यातल्या शेतीची त्यांनी अशी पाहणी केली. शेतीला खर्च किती येतो, हातात काय उरते, हे सगळे त्यात बघितले. त्याचे पुस्तक १९४० साली निघाले.

मी पण दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन आमच्या आळीत फिरलो. दहा घरे ठरवली होती. बियाणे, खत सगळे लोक सांगतात. पण कर्ज किती असे विचारले की मोठी माणसे गप्पच बसतात. एका काकूंनी तर मला चहा दिला आणि पाठवून दिलं. मग वाईच्या लोकांनी कसे सांगितले असेल? आमच्या घरचा आकडा आण्णांनी रात्री सांगितला. तो वहीत आहे, पण इथे लिहू नको म्हणाले.

शेतकऱ्यांच्या कर्जासाठी सरकारने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष गाडगीळच होते. तिचा अहवाल १९४५ साली आला. मग लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचे पहिले अध्यक्ष पुण्याचे गाडगीळ झाले. १९५० साली कारखाना सुरू झाला. आजोबा म्हणतात, पुण्याचा प्रोफेसर आपले पैसे सांभाळील का, अशी त्यांच्या वडलांना भीती वाटायची. म्हणून त्यांनी पहिल्यांदा शेअर घेतलाच नाही. मग घेतला.

पुढे गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ साली दिल्लीला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याला येताना आगगाडीतच त्यांचे निधन झाले.

माझ्या वहीत अजून चार घरे कोरी आहेत.