टाटी उघडली तेव्हा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहाच, असा मंडळींचा आग्रह झाला. आमची हयात बँकेत जमा-नावे करण्यात गेली. लेखक आम्ही नव्हेच. पण ज्ञानोबा माउलींविषयी बरेच दिवस एक गोष्ट मनात आहे, ती महाराजांच्या पायाशी ठेवतो.

आपण त्यांना माउली म्हणतो, त्यामुळे तेही कधी पोरवयाचे होते हे विसरून जातो. वडील विठ्ठलपंत काशीला संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार मुलं झाली. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९७, म्हणजे १२७५ सालचा. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं, मुंजी अडल्या. ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. मुलांना तरी जवळ करतील या आशेने आईवडिलांनी देह ठेवला.

हे आपल्याला पाठ आहे. पण त्या पोरांच्या बाजूने बघा. आपल्यापायी आईवडील गेले, असं त्यांच्या मनात एकदाही आलं नसेल का?

मी बारा वर्षांचा असताना वडील गेले. डॉक्टरांना बोलवायला मला धाडलं होतं आणि वाटेत मी विटीदांडूचा डाव बघत थांबलो. पुढे दोन वर्षं कुणाशी धड बोललो नाही. शाळेतून आलो की माडीवर जाऊन आतून कडी. कारण कुणाला सांगितलं नाही. म्हणून टाटीचा प्रसंग मला नुसती कथा वाटत नाही.

लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची टाटी लावून बसले. बाहेर मुक्ता, चार वर्षांनी धाकटी. आईवडील तिचेही गेलेलेच होते. पण ती विनवत राहिली, लोकांचं बोलणं पोटात घालायला सांगत राहिली, आणि टाटी उघडली.

माझ्या दाराशी आमची अक्का ताट घेऊन बसायची. काही विचारायची नाही. एके दिवशी मी सगळं सांगून टाकलं. तेव्हा कळलं, डॉक्टर आदल्या रात्रीच येऊन गेले होते आणि काही इलाज उरला नव्हता. मला लहान म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. भलतीच रक्कम मी दोन वर्षं स्वतःच्या नावे टाकून बसलो होतो.

ज्ञानदेवांनी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. वय अवघं पंधरा. शेवटी पसायदान मागताना ज्यांनी छळलं त्यांच्याविरुद्ध एक अक्षर नाही. दुष्टांचा दुष्टपणा तेवढा जावा, एवढंच मागणं. एकविसाव्या वर्षी त्यांनी आळंदीला समाधी घेतली. पुढे दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ महाराज यांनी शके १५०६ मध्ये हीच ज्ञानेश्वरी शुद्ध करून दिली. आपल्या दत्तपरंपरेचं हे माउलींशी नातं.

घरात एखादं नातवंड गप्प झालं असेल, दार लावून बसत असेल, तर ओरडू नका. ताट घेऊन दाराशी बसा. आणि घरात जे घडलं ते त्याला खरं खरं सांगा.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!