अण्णासाहेब लठ्ठे आणि बेळगावचा मतदार

लोकप्रतिनिधी कोणाला म्हणावे, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत दोन ओळींत सुटतो. जिल्ह्याच्या इतिहासात तो इतक्या सहज सुटत नाही. दिवाण बहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे जैन कुटुंबात झाला. उच्च शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले व पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारपदावर होते. १८९९ साली निघालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची व्यवस्थाही ते पाहत. याच बोर्डिंगात भाऊराव पाटील विद्यार्थी होते. अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास भाऊरावांनी नकार दिला, तेव्हा अण्णासाहेबांनी त्यांना बोर्डिंगातून काढून टाकले.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण उद्भवले आणि संशयाची सावली अण्णासाहेबांवर पडली. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला, पण त्यांनी ती दिली नाही. अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावात वकिली सुरू केली. ज्या दरबाराने त्यांना दूर लोटले, त्याच दरबाराच्या शाहू छत्रपतींचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले व १९२६ साली ते कोल्हापूरचे दिवाण झाले.

दरम्यान माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची चर्चा सुरू झाली होती. सुशिक्षित उच्चवर्णीय वकील हाच रयतेचा स्वाभाविक प्रतिनिधी, हे अण्णासाहेबांना व त्यांच्या ब्राह्मणेतर सहकाऱ्यांना मान्य नव्हते. त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ते मिळाले नाहीत. मात्र मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या. दिल्लीच्या पहिल्या मध्यवर्ती विधिमंडळात अण्णासाहेब मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून गेले. हा विभाग केवढा! बेळगाव, विजापूर, धारवाड, उत्तर कानडा, रत्नागिरी आणि कुलाबा असे सहा जिल्हे, मराठी व कानडी या दोन्ही भाषा, आणि मत मात्र कर भरणाऱ्या मूठभरांना. याच दशकात पुढे बेळगावचे वकील दत्तात्रय व्यंकटेश बेळवी यांनी त्या विभागाचे प्रतिनिधित्व केले.

मतदारयादीबाहेर राहिलेल्यांचा आवाज मात्र जवळच उमटत होता. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीस डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. १९३७ च्या निवडणुकीत अण्णासाहेब काँग्रेसतर्फे बेळगाव जिल्ह्यातून निवडून आले, तसेच आंबेडकरांचे सहकारी बळवंतराव वराळेही आले. ज्या वर्गाच्या समारंभाला गेल्याबद्दल एका विद्यार्थ्याला पूर्वी बोर्डिंग सोडावे लागले होते, त्या वर्गाचा प्रतिनिधी आता त्याच सभागृहात बसला.

खेर मंत्रिमंडळात अण्णासाहेब अर्थमंत्री झाले. दारूबंदीमुळे बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी १९३९ साली शहरांतील स्थावर मालमत्तेवर शेकडा १० कर बसवण्यात आला. घरमालकांचा रोष त्यांनी पत्करला. त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९५० साली अण्णासाहेब निवर्तले. प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यांना पाहता आली नाही. तीत बेळगाव उत्तरमधून बळवंत नागेश दातार लोकसभेवर गेले. १९५७ साली निपाणी ज्या तालुक्यात होती, त्या चिकोडीच्या मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे दत्ता अप्पा कट्टी निवडून आले.

रयतेच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये, असे म्हणत अण्णासाहेबांनी एक दार उघडले. त्या दारातून पुढे कोण कोण आत येईल, हे ठरवणे त्यांच्या हाती उरले नाही. त्यांच्या कार्याचे मोठेपण आणि त्याची मर्यादा, दोन्ही यातच दिसतात.